आपापली प्रत

नावं बदलली आहेत, हे आधीच सांगून टाकते. गावही बदललंय. पाटण लिहिलंय ते पाटण समजू नका, आणि मला फोन करून "शैलजाबाई, ते फाटक नेमकं कुठलं हो?" असं विचारू नका. मी सांगणार नाही.

माझ्या प्रकाशकांनी धंदा गुंडाळला तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सगळ्या पुस्तकांचे हक्क तुम्हाला परत करतोय."

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं संपली."

"संपली म्हणजे खपली?"

मग कळलं की गोदामातल्या गठ्ठ्यांना वाळवी लागली होती आणि उरलंसुरलं रद्दीत गेलं. म्हणजे माझ्या आयुष्यभराच्या कादंबऱ्या भेळवाल्याच्या पुड्यांना लागल्या. चला, कुणाच्या तरी उपयोगी पडल्या.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई. रडत बसायचा माझा स्वभाव नाही. मी त्या दिवशी ठरवलं, आता कुणाच्या दारात जायचं नाही. आपली पुस्तकं आपणच काढायची. मुखपृष्ठ आपलं, मुद्रितशोधन आपलं, चुका झाल्या तर त्याही आपल्याच. आणि सगळ्यात आधी काढायचं 'खांबाखाली'.

ही कादंबरी म्हणजे माझा धाकटा भाऊ हणमंत. नाव पुस्तकात वेगळं आहे, पण माणूस तोच. वीज मंडळात वायरमन होता. त्याच्या लेकीचा, ज्ञानदाचा, तिसरा वाढदिवस होता. मी ओट्यावर बसून फुगे फुगवत होते, वनिता वहिनी चुलीपाशी होती, पोरगी नवा फ्रॉक घालून आत बसली होती. हणमंत मोटरसायकलवरून फाटकापाशी आला आणि अख्ख्या वाडीची लाइट गेली. लगेच त्याचा फोन वाजला. शाळेजवळ तार तुटून पडली होती. त्याने केकची पिशवी फाटकाच्या खिळ्याला अडकवली, "आलोच" म्हणाला आणि गाडी वळवून गेला. तो खांबावर चढला तेव्हा कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू होता आणि त्याची वीज उलटी तारेत येत होती. घरी आणलं ते त्याचं प्रेतच.

तो फाटकातून परत गेला. घरात आला नाही. पोरीला उचललं नाही, तोंडसुद्धा पाहिलं नाही. ते पान लिहिताना मी फार रडले होते, पण एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं. माझ्याकडे भावाचं दुसरं काही उरलं नव्हतं, निदान तो जसा गेला तसा तरी राहावा, एवढंच मला हवं होतं. दुसरी आवृत्तीही मी त्याचसाठी काढत होते.

आता जरा तांत्रिक सांगते. पुढचं कळायचं तर ते लागेलच.

हल्ली कागद कुणी घेत नाही. सगळे पाटीवर वाचतात. ही वाचायची पाटी तुमच्याकडेही असेल. तिच्या कडेला जिथे आपला अंगठा टेकतो तिथे नाडी मोजणारा ठिपका असतो, आणि वरच्या बाजूच्या बारीक डोळ्याला कळतं की आपली नजर कुठल्या ओळीवर थबकली, कुठून मागे गेली, आपल्या डोळ्यातली बाहुली कुठे मोठी झाली. पुस्तक 'जुळतं' असेल तर त्यावरून पाटी ओळखते की या वाचकाला इथे काहीतरी टोचतंय, किंवा काहीतरी कमी पडतंय. मग पुढच्या ओळी ती त्या वाचकाला जुळतील अशा करून दाखवते. लेखकाचं सगळं लेखन तिला आधीच शिकवलेलं असतं, त्यामुळे बदललेली ओळही लेखकाच्याच वळणाची निघते. मी माझ्या शाळेतल्या मुलांचं हस्ताक्षर लांबून ओळखायचे, पण इथे माझं मलाच ओळखू आलं नाही.

पुस्तक पाटीवरच्या दुकानात चढवताना विचारतात, 'स्थिर' की 'जुळती'? स्थिर म्हटलं की पुस्तक कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडतं ते देवालाही सापडत नाही. आणि जुळतीखाली स्वच्छ लिहिलं होतं की घटना बदलत नाहीत, फक्त मांडणी वाचकाला सोयीची होते. नमुन्याला माझंच एक पान दाखवलं. त्यात एक अवघड शब्द सोपा केला होता आणि एक लांबलचक वाक्य तोडलं होतं. खरं सांगायचं तर वाक्य सुधारलं होतं. मी 'जुळती'वर बोट ठेवलं.

आता माझा शहाणपणा ऐका. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई मी, मुद्रितं तपासल्याशिवाय सोडते काय! पुन्हा पुन्हा तपासली. एक कानामात्रा सुटू दिली नाही. आणि तपासली कशावर? माझ्याच पाटीवर. पुस्तक मला जुळत होतं, त्यामुळे मला ते प्रत्येक वेळी अगदी बरोबरच वाटत होतं. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. तुमच्याही आलं नसतं.

प्रकाशन पाटणच्या वाचनालयात ठेवलं. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, सगळं रीतसर. पुस्तकाला गुंडाळलेला चमकी कागद पाहुण्यांनी सोडायचा असतो, पण पुस्तक कागदावर नव्हतंच. मग आम्ही एका पाटीलाच कागद गुंडाळला आणि पाहुण्यांनी टाळ्यांच्या गजरात पाटी उघडी केली. वाचनालयाच्या अध्यक्षीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "नव्या सुनेचा पदर सारतात तसं झालं हो!" मी इतकी हसले की शाल खाली पडली.

मग अभिवाचन. ते ज्ञानदाने करायचं असं तिनेच ठरवलं होतं. पोरगी आता तिशीला आली, पुण्यात नोकरी करते. तिने हे पुस्तक आजवर उघडलं नव्हतं. "बाबांचं मरण मी वाचणार नाही," एवढं एकच बोलायची. लहानपणापासून आईला मात्र एकच प्रश्न विचारायची, "बाबा त्या दिवशी मला भेटून गेले का?" वहिनीने कधी खोटं सांगितलं नाही. "नाही बाळा. फाटकातनंच गेले." त्यावरून मायलेकींत कायमची अढी बसली होती. मोठेपणी ज्ञानदा म्हणायची, आईला बाबांचा राग आहे म्हणून ती असं सांगते. या वेळी मी स्वतः पुस्तक काढतेय म्हटल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आत्या, तू तिथे होतीस ना? मग मी वाचते."

ती माइकसमोर उभी राहिली. सगळ्यांनी आपापल्या पाट्या काढून तेच पान उघडलं, तिच्या बरोबरीने वाचता यावं म्हणून. तिने वाचायला सुरुवात केली. मोटरसायकल आली, लाइट गेली, फोन वाजला. मी डोळे मिटून घेतले. पुढचं मला पाठ होतं.

"त्याने गाडी तशीच सोडली," ज्ञानदा वाचत होती, "आणि तो धावत आत आला. अंधारात त्याने लेकीला उचललं, तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाला, माझी लाडूबाई, बाबा आलाच हं."

मी डोळे उघडले. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली होती. माणसं एकमेकांच्या पाट्यांत डोकावत होती. एक बाई हळूच म्हणाल्या, "माझ्यात तर लाइट गेलीच नाही." मागच्या रांगेतून बाबर उठले. हणमंताबरोबर नोकरीला होते, त्या दिवशी लाइन बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. लाइन त्यांनी बंद केली होती, जनरेटरचं त्यांना काय माहीत? पण माणूस तेव्हापासून मान खाली घालूनच चालतो. ते म्हणाले, "आमच्यात न्हाई असं. आमच्यात त्यो खांबावर चढताना म्हणतोय, बाबर, तुझा काय दोष न्हाई गड्या." आणि एवढा मोठा माणूस हॉलमध्ये हमसून रडायला लागला.

ज्ञानदाचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. ती पाटी छातीशी धरून उभी होती. पहिल्या रांगेत वहिनी बसली होती, तिच्याकडे ती बघत होती. म्हणाली, "आई, तू खोटं बोललीस."

माइक चालू होता.

कराडला घरी पोचल्यावर मी दुकानाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. पलीकडची मुलगी गोड होती. "मॅडम, घटना तीच आहे. ते शेवटी जातातच ना? निरोपाची छटा फक्त वाढलीये. वाचकांनी खूप छान अभिप्राय दिलेत."

"अगं भवाने, तो माझा भाऊ होता," मी म्हटलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं असावं. "तुम्ही कधीही स्थिर करू शकता. एक बटण दाबलं की सगळ्यांच्या पाटीवर तुमचं मूळ येईल."

मूळ म्हणजे काय होतं ते नीट बघावं म्हणून मी पहिल्या आवृत्तीची प्रत काढली. कागदाची एवढी एकच माझ्याकडे उरली होती. शेजारी पाटी ठेवली आणि एकेक ओळ ताडून पाहिली. माझ्या पाटीवर हणमंत घरात येत नव्हता, बाबरांशी बोलत नव्हता, लाइटही गेली होती. हुश्श म्हणणार, तेवढ्यात दिसलं. माझ्या पाटीवर होतं, "आलोच गं आक्का." कागदावर होतं नुसतं "आलोच."

आक्का म्हणजे मी. मला आक्का म्हणणारा तेवढाच एक होता.

इतक्या वेळा तपासलं होतं मी ते पान. एकदाही खटकलं नाही. खटकेल कसं? तेच तर ऐकायचं होतं मला. आता गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की मला आठवेचना. तो खरंच काय म्हणाला होता? डोळे मिटले की त्याच्या आवाजात स्पष्ट ऐकू येतं, गं आक्का. कागद म्हणतो, नाही म्हणाला. कागदावर तर मीच लिहिलं होतं, सगळं ताजं असताना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली, आणि मग तिथेच पाटावर बसून पोटभर रडले.

ज्ञानदाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. पोरगी हुशार आहे. हॉलमधला गोंधळ तिच्याही लक्षात आला होता.

"आत्या, सगळ्यांचं पान वेगळं होतं म्हणे. मग खरं कुठलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला पाटीवरचं नको. तू मला कागदावर छापून दे. कागद काही माझ्याकडे बघून बदलत नाही. तू कागदावर जे देशील ते मी खरं मानीन. मग ते काहीही असू दे."

"देते," मी म्हटलं.

माझं ठरलं होतं. बटण दाबायचं, पुस्तक स्थिर करायचं आणि मूळ पान छापून तिच्या हातात द्यायचं. वाईट वाटेल, रडेल, पण खरं ते खरं. वहिनीवरचा खोटेपणाचा डागही पुसला जाईल. मी छापखान्याशी बोलूनही ठेवलं. कागदावर पुस्तक छापणारा एकच म्हातारा कराडात उरलाय, तो तर आनंदाने उड्या मारायचाच राहिला.

त्याच आठवड्यात वनिता वहिनी एसटीने कराडला आली. येताना काकवीची बरणी आणि शेंगा घेऊन आली. चहा झाला, शेंगा फोडून झाल्या, तरी विषय काढेना. मग मीच म्हटलं, "वहिनी, काळजी करू नको. मी तिला खरं छापून देतेय. तू खोटं बोलली नाहीस हे तिला कळेल."

"त्याच्यापायीच आलेय," वहिनी म्हणाली. "छापू नका."

"म्हणजे?"

"पोरगी परवा रातभर माझ्याजवळ झोपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भांडली आधी, लई बोलली. मग म्हणाली, आई, तुला बाबांचा राग होता म्हणून तू तसं सांगितलंस, व्हय ना? मी माफ केलं तुला." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "न केलेल्या गोष्टीची माफी दिली हो तिनं मला. मी घेतली."

"वहिनी, अगं, पण खोटारडी ठरलीस तू!"

"ठरू द्या. इतकी वर्सं खरं सांगितलं, तिला काय मिळालं त्याच्यातनं? दर वाढदिवसाला केक कापताना फाटकाकडं बघायची. बघितलंय का नाही तुम्ही?"

बघितलं होतं.

"आक्का," ती म्हणाली. आजवर तिने मला या नावाने कधीच हाक मारली नव्हती. "एवढं एक पान. त्याला आत येऊ द्या की."

ती गेल्यावर मी शेंगांची टरफलं गोळा केली. माझी चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. त्या यंत्रावर झाली, बाबरांवर झाली, हणमंतावर तर फारच झाली. मेल्या, एक मिनिट आत आला असतास तर काय बिघडलं असतं? मोठा आला कामाचा! त्याच्या नावाने मी अख्खं पुस्तक लिहिलं, पण हे वाक्य मात्र कधी लिहिलं नव्हतं.

मग मी लिहायला बसले. पाटीने लिहिलेलं घ्यायचं नव्हतं. खोटंच लिहायचं तर ते निदान माझं असावं. लाडूबाई आधी काढून टाकलं. आमच्या घरात हा शब्द कुणी वापरला नाही, तो यंत्राला कुठून मिळाला कोण जाणे. हणमंत लेकीला चिमाजी म्हणायचा. कामावरून आला की हातांना काळं ग्रीस असायचं, म्हणून तो तिला पंजांनी धरायचा नाही, दोन्ही मनगटांनी उचलायचा आणि वहिनी ओरडायची, "पाडशील तिला!" ते लिहिलं. अंगाला तांब्याच्या तारेचा वास यायचा, ते लिहिलं. दारातून येताना त्याला वाकावं लागायचं, तेही. तो वाकला, आत आला, मनगटांनी चिमाजीला उचललं, वहिनी ओरडली, "पाडशील तिला!" आणि तो हसला. एकेक गोष्ट खरी होती. फक्त त्या दिवशी घडली नव्हती.

लिहून झाल्यावर वाटलं, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान हेच झालंय. याचा मला आनंद व्हायला हवा होता.

मग तो निरोपाचा शब्द राहिला. "आलोच" की "आलोच गं आक्का"? मोह झाला. एवढं मोठं खोटं छापतेच आहे, त्यात दोन शब्द माझ्यासाठी घातले तर कुणाला कळणार होतं? नाही घातले. नुसतं "आलोच" ठेवलं. मग मूळ पानाच्या जागी हे पान चढवलं, छापखान्यालाही तेच दिलं आणि बटण दाबून पुस्तक स्थिर केलं, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या पाटीवर हेच पान आहे. बाबरांच्याही. त्यांच्या पानावरून हणमंताची ती हाक पुसली गेली, हे मला ठाऊक आहे. ते मला पाटणच्या बाजारात भेटतात तेव्हा नमस्कार करतात आणि खाली बघतात.

ज्ञानदा कागदाची प्रत घ्यायला स्वतः आली. माझ्यासमोर खुर्चीत बसून ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. पाटीवर नाडी कळते, मला कळत नाही, पण तिचा अंगठा पानावर दाबून पांढरा झालेला मला दिसत होता.

"इथे लाडूबाई नाहीये," ती म्हणाली.

"ते मशीनचं होतं. तो तुला चिमाजी म्हणायचा."

ती एकदम रडायला लागली. "आई म्हणायची! मी तापाने फणफणले की म्हणायची, चिमाजी, पाणी पी. मला वाटायचं तिचाच शब्द आहे." मग नाक ओढत तिने विचारलं, "आत्या, हेच ना मूळ?"

तिने कागदाचा तो गुळगुळीत कोपरा बोटांत धरला होता. कागद बदलत नाही, यावर तिचा केवढा विश्वास!

"हेच," मी म्हटलं.

तिने तिथूनच आईला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मुद्दाम मागच्या दारी गेले. हसण्याचा आवाज मात्र आला. मायलेकी फोनवर हसतायत, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

ती जुनी प्रत मी कपाटात साड्यांखाली ठेवली होती. फाडून टाकायची हिंमत होत नव्हती आणि ठेवायची भीती वाटत होती. उद्या मी गेले की कपाट आवरायला ज्ञानदाच येणार. यंदा हणमंताच्या श्राद्धाला पाटणला गेले तेव्हा ती पिशवीत घालून नेली. जेवणं झाली, माणसं पांगली. मी वहिनीला म्हटलं, "हे जाळून टाकूया का? तुझ्या चुलीत?"

तिने प्रत हातात घेतली. तिला फारसं वाचता येत नाही, पण ते पान तिने बरोबर काढलं. ते पान तिला कुणी दाखवलं होतं, केव्हा, मी विचारलं नाही. ओळीखालून बोट फिरवत फाटकाच्या ओळीपर्यंत आली आणि तिथे थांबली.

"तो काय म्हणाला गं तेव्हा?" मी विचारलं. मला राहवलं नाही. "आलोच म्हणाला, की आलोच गं आक्का म्हणाला?"

"आलोच म्हणाला," वहिनी म्हणाली. "कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक."

मग तिने प्रत मिटून पदराखाली घेतली.

"जाळू नका. पोरीला घरात आलेला बाप मिळाला, तिला ऱ्हाऊ दे तो. ह्याच्यातला फाटकातनं परत गेला, तो माझा नवरा हाय. तो मला पाहिजे."